कवटी उलटी धरा

उंदीर ओळखणे हा काही प्रतिष्ठेचा उद्योग नाही. पक्षी ओळखणाऱ्याला लोक चहा पाजतात, साप ओळखणाऱ्याला मान देतात. उंदराची कवटी भिंगाखाली धरून बसलेल्या माणसाला घरचे लोक फक्त ‘आधी हात धुऊन या’ म्हणतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मला ही खोड लागली आणि निवृत्तीनंतर ती बळावली. ओळखीतले पक्षिमित्र जुन्या वाड्यांतून, देवळांच्या शिखरांतून गव्हाणी घुबडाने ओकलेले गोळे आणून देतात आणि मी त्यातल्या कवट्या निवडतो. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती एकट्या कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आहेत. बाहेरून त्यातले बरेचसे तपकिरी, मिशाळ आणि एका छापाचे. खरा फरक आत असतो आणि त्यातला बराचसा टाळूवर सापडतो. या कामात जे उमगत गेले ते लिहितो. क्रमाला काही अर्थ नाही, आठवले तसे आहे.

१. कवटी आधी उलटी करा

नवखा माणूस कवटी वरूनच बघत राहतो. वरून उंदीर आणि घूस यांच्यात लहानमोठेपणाखेरीज फारसे काही नजरेत भरत नाही. उलटी केली की वाचायला मजकूर मिळतो. समोर पटाशीच्या दातांची एकच जोडी, पुढून पिवळट-नारिंगी, मागून पांढरी. इनॅमल फक्त पुढच्या अंगाला असते. मागचे दंतिन लवकर झिजते, त्यामुळे दाताला आयती धार राहते. त्यामागे बरीच मोकळी जागा. सुळे नाहीतच. या मोकळ्या जागेत टाळूच्या हाडात दोन लांबट फटी दिसतात, दोन तांदूळ शेजारी शेजारी ठेवावेत तशा. मग दाढांच्या दोन रांगा, घरच्या उंदरात प्रत्येकीत तीन. रांगा संपतात तिथेच कुठेतरी टाळूचे हाडही संपते आणि श्वासाची वाट उघडते. सगळ्यात मागे कानाच्या हाडाचे दोन फुगे.

त्या दोन फटींकडे माझे पहिल्यांदा लक्ष जाते. तोंड आणि नाक यांना जोडणारी बारीक नळी तिथून वर जाते आणि वर, नाकाच्या पडद्याच्या तळाशी, जेकबसनचे इंद्रिय असते. दुसऱ्या उंदराच्या मुताचा वास घेऊन नर की मादी, ओळखीचा की परका हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा. उंदराचे निम्मे सामाजिक आयुष्य या फटींच्या आसपास घडते म्हटले तरी चालेल.

आणखी एक व्यवहाराची बाब. घुबडाच्या गोळ्यात कवटीची मागची पेटी पुष्कळदा फुटलेली असते. नाकाडापासून दाढांपर्यंतचा पुढचा भाग मात्र सहसा शाबूत मिळतो. ज्याला टाळू वाचता येतो, त्याचे फुटक्या मालावरही भागते.

२. मुळात उंदीरच आहे ना, तेवढे बघून घ्या

गोळ्यातल्या कवट्यांत चिचुंद्री हमखास असते आणि विद्यार्थी हमखास तिला ‘लांब तोंडाचा उंदीर’ म्हणतात. चिचुंद्री कृंतक नाही. तिच्या जबड्यात मोकळी जागा नाही. पुढपासून मागपर्यंत टोकदार पांढरे दात ओळीने. गालाच्या हाडाची कमान नाही, कानाचे फुगे नाहीत. एकदा बघितले की पुन्हा विचारावे लागत नाही.

सशाची गोष्ट जास्त रंजक. वरच्या पटाशीच्या दातांमागे सशाला खुंटीएवढ्या बारीक दातांची दुसरी जोडी असते. टाळूवरच्या फटी इतक्या मोठ्या की हाडाचा टाळू म्हणून मधे एक अरुंद पूल तेवढा उरतो. नाकाडाच्या बाजूचे हाडही जाळीदार. एवढे असूनही ससे कृंतकांतच मोजले जात. कृंतकांचे दोन भाग करून एकाला साधे दात, दुसऱ्याला दुहेरी दात अशी वाटणी होती. १९१२ मध्ये गिडली याने ससे वेगळ्या गणात काढावेत असे ठामपणे मांडले आणि ते पुढे मान्य झाले. जुन्या पाठ्यपुस्तकात ससा उंदरांशेजारी बसलेला दिसला, तर त्याचे मूळ हे आहे.

३. पट्टी नंतर काढा, आधी ‘कुठपर्यंत?’ विचारा

मुलांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर दिला की ती मोजायलाच लागतात. कवटी किती लांब, किती रुंद, वही भरते. आकडे खोटे नसतात. पण उंदराची कवटी वय वाढेल तशी वाढत राहते. त्यामुळे मोठ्या जातीचे पिल्लू आणि लहान जातीचा म्हातारा पट्टीवर एका रेघेवर येऊन बसतात.

म्हणून विचारायचे असते ते जागेबद्दल. पुढची फट कुठपर्यंत जाते? पहिल्या दाढेच्या अलीकडे थांबते, तिच्या पुढच्या कडेला टेकते, की दोन्ही दाढांच्या मधे आत शिरते? टाळूचे हाड शेवटच्या दाढेपाशी संपते, की तिच्यामागे पडवी काढून पुढे जाते? याचे उत्तर मिलिमीटरमध्ये नसते, त्यामुळे वयाने फारसे बिघडत नाही.

“सर, हे उंदराचं पिल्लू आहे की घरातली छोटी उंदरी?” हा प्रश्न प्रयोगशाळेत दर वर्षी यायचा.

“फट बघ.”

“दाढांच्या मधे गेलीय.”

“मग दात बाजूने बघ.”

छोट्या घरउंदराच्या, म्हणजे मस मस्क्युलसच्या, वरच्या पटाशीच्या दाताला बाजूने पाहिले की टोकाजवळ मागे एक पायरीसारखी खाच दिसते. फटी लांब, पहिल्या दाढांच्या मधे चांगल्या आत गेलेल्या. पहिली दाढ इतकी लांब की मागच्या दोन्ही मिळून तिच्याएवढ्या होत नाहीत. तिसरी तर जेमतेम ठिपका. काळ्या उंदराच्या पिल्लात यातले काही नसते. त्याच्या फटी पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेच्या आसपास थांबतात आणि तिसरी दाढ, उगवली असेल तर, बऱ्यापैकी अंगाची असते.

पट्टी वापरायचीच असेल तर दाढांच्या रांगेची लांबी मोजा. उंदराच्या दाढा एकदा उगवल्या की वाढत नाहीत, फक्त झिजतात. कवटी थोराड होत जाते, दाढांची रांग मात्र तरुणपणी होती तेवढीच राहते. सगळ्या मापांत माझा भरवसा त्याच एका मापावर.

४. सिंहगडावर भजी खाताना मिलार्डियाची आठवण ठेवा

हा धडा जरा लांबेल, कारण इथे टाळूचे शास्त्र थेट आपल्या दारात येते.

१९११ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. सुरुवात खानदेशातून झाली. नमुने गोळा करणारा सी. ए. क्रंप. कातडी आणि कवट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे जात. तिथे निवृत्त वनाधिकारी रॉटन बसलेला असे. मुंबई इलाख्यात नोकरी करताना मुंग्या गोळा करणारा हा माणूस पुढे उंदरांत रमला. त्याच म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस याने १९११ मध्येच मऊ केसांच्या शेतउंदरांची एक वेगळी प्रजाती (जीनस) मांडली आणि बीएनएचएसचे सचिव मिलार्ड यांच्यावरून तिला मिलार्डिया नाव दिले. त्यातली आपल्याकडची नेहमीची जात, मिलार्डिया मेल्टाडा, १८३७ मध्येच ग्रे याने धारवाडच्या नमुन्यावरून नोंदवली होती. तो नमुना वॉल्टर इलियटचा. या इलियटनेच १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली.

मिलार्डियाला पुढे कित्येक वर्षे काही जणांनी पुन्हा रॅटसच्या, म्हणजे काळ्या उंदराच्या प्रजातीच्या, पोत्यात कोंबले. रॅटस म्हणजे तेव्हा अडगळीची खोली झाली होती. जे दुसरीकडे बसेना ते तिथे टाकायचे. टाळू उलटा धरला तर मात्र फरक लपत नाही. रॅटसच्या फटी पहिल्या दाढेच्या तोंडाशी थांबतात, मिलार्डियाच्या लांब फटी दाढांच्या रांगांमधे आत घुसतात. रॅटसमध्ये टाळूचे हाड शेवटच्या दाढेच्या मागेही पुढे आलेले असते. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या मसर यांनी १९८१ च्या आगेमागे ही अडगळ नीट उपसली. आग्नेय आशिया आणि हिमालयातले निव्हिव्हेंटरसारखे उंदीर त्यांनी रॅटसमधून बाहेर काढले. या उंदरांत टाळूचे हाड जवळपास शेवटच्या दाढेपाशीच संपते. पुरावे इतरही होते, पण टाळूची मागची कड मसर यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते.

आता सिंहगड. १९७५ मध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या मिश्रा आणि धांडा यांनी मिलार्डियाच्या सगळ्या जातींची फेरतपासणी केली आणि सिंहगडाच्या माथ्यावरून एक नवी जात जाहीर केली: मिलार्डिया कोंडाना. गडाचे जुने नाव कोंढाणा, त्यावरून. विषाणूंच्या संस्थेला उंदरांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उंदीर कोणता हे कळल्याशिवाय त्याच्या अंगावरची पिसू आणि गोचीड कोणत्या यजमानाची, हे सांगता येत नाही. त्यामुळे वर्गीकरण त्यांना करावेच लागले.

हा उंदीर मुख्यतः सिंहगड आणि त्या परिसरातूनच माहीत आहे आणि नामशेष होण्याच्या धोक्यात मोजला जातो. गडावर दर रविवारी दही, भजी, पिठलं-भाकरी खाणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना हे ठाऊक असते? शेकरूला राज्यप्राण्याचा मान मिळाला, ते बरेच झाले. पण पुणे जिल्ह्याचा म्हणून एखादा प्राणी सांगायचा तर माझे मत या उंदराला.

५. घूस दाढांवरून ओळखा, पण बिळावरून ओळखणाऱ्याला हसू नका

घुशीची कवटी रुंद, कंगोरेदार. पटाशीचे दात रुंद आणि माती खणायला सोयीचे, किंचित पुढे झुकलेले. दाढांवर उंदरासारखे सुटे उंचवटे कमी. आडव्या पट्ट्या एकमेकींना लागून उभ्या. नेसोकिया नावाचा घुशीचा नातेवाईक वायव्येकडच्या ओलसर शेतांतून मिळतो. त्याच्या दाढांत या पट्ट्या आणखी सरळ आणि टाळूवरच्या फटी आखूड, अरुंद. घुशीच्या फटी लांब. दोघांच्या कवट्या शेजारी ठेवल्या तर शाळकरी मूलही वेगळ्या करील.

शेतात मात्र हे ज्ञान फार कामाचे नाही. भातकापणीनंतर बिळे उकरणारे एक कातकरी मामा होते. मी कवटी शोधत होतो, ते नुसते उभे होते.

“सर, कशाला एवढं बगता? माती किती उपसलीय ते बगा. आत लोंब्या साठवल्यात. घूसच हाय.”

घूसच होती. छोटी घूस बिळात धान्याचा साठा करते, तो साठा काढून घरी नेणारे लोक तिला ओळखणार नाहीत तर कोण?

६. एका खाचेवर निकाल देऊ नका

माळरानावरच्या जरबिलच्या वरच्या पटाशीच्या दातावर उभी चर असते. कानाचे फुगे मोठे. पुस्तकात वाचून आलेला विद्यार्थी चर दिसली की ‘जरबिल’ म्हणून मोकळा होतो. पण झुडपी उंदीर गोलुंडा याच्याही दातावर चर असते, आणि तो जरबिलचा जवळचा नातेवाईक नाही. दाढा बघा: जरबिलच्या दाढांवर आडवे पट्टे, गोलुंडाच्या दाढांवर ठळक उंचवटे. दोन खुणा जुळल्या तर तिसरी शोधा.

हा नुसता कपाटातला वाद नाही. प्लेगचा जंतू रानात टिकवून ठेवणाऱ्यांत जरबिल येतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामलाचे नाव प्लेगमुळे देशभर झाले, तेव्हा मेलेला उंदीर नेमका कोणता, हा प्रश्न अचानक सरकारी झाला.

७. चावण्याची खूण आणि रक्ताचे नाते एक नव्हे

साळिंदराची कवटी कधी संग्रहालयात बघायला मिळाली तर डोळ्याच्या पुढचे भोक बघा. घरी आणू नका. साळिंदर आणि शेकरू दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. उंदरात हे भोक वर रुंद, खाली निमुळते. खारीत बारीक. साळिंदरात इतके मोठे की त्यातून बोट जाईल, कारण चावण्याच्या स्नायूचा एक भाग त्या भोकातूनच पुढे नाकाडावर जातो. खारीत स्नायू भोकातून न जाता गालाच्या कमानीवरून पुढे चढतो. उंदरात दोन्ही तऱ्हा थोड्या थोड्या.

सेंट पीटर्सबर्गच्या ब्रांट याने १८५५ मध्ये यावरून कृंतकांचे तीन मोठे गट पाडले: खारींचा, उंदरांचा, साळिंदरांचा. पुढे १८९९ मध्ये उप्सालाच्या टुलबर्गने खालचा जबडा पुढे केला. जबड्याचा मागचा कोपरा पटाशीच्या दाताच्या रेषेतून निघतो की तिच्या बाहेरून, यावर त्याने दोन गट मांडले. साळिंदर आणि गिनीपिग बाहेरच्या गटात. आमच्या पिढीने हे दोन्ही पाठ केले आणि परीक्षेत आकृत्यांसकट उतरवले.

आता रेण्वीय अभ्यासानंतर चित्र वेगळे दिसते. डॉरमाउसच्या भोकाची ठेवण उंदरासारखी, पण त्याचे नाते खारीशी. बीव्हरची ठेवण खारीसारखी, पण तो खारींच्या गटात राहिला नाही. लाओसमधल्या खाम्मुआनच्या बाजारात खायला विकला जाणारा एक प्राणी २००५ मध्ये शास्त्रात नोंदवला गेला: लाओनास्टेस. त्याचे डोळ्यापुढचे भोक साळिंदराच्या तऱ्हेचे, जबडा खारीच्या तऱ्हेचा. आधी त्याला नवे कुटुंब दिले. पुढच्याच वर्षी जीवाश्मांशी तुलना झाली आणि तो डायाटोमायिडी या कुटुंबाचा वंशज निघाला. हे कुटुंब सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी संपले, अशी समजूत होती.

माझे मत असे बनले की स्नायूची ठेवण प्राणी कसे चावतो हे सांगते, आणि तशाच चावण्याची गरज वेगवेगळ्या घराण्यांना वेगवेगळ्या वेळी पडू शकते. मोठे गट पाडताना एकाच खुणेवर सगळा भार टाकला की असे होते. ब्रांटला नावे ठेवायचे मात्र कारण नाही. त्याने निवडलेली खूण इतकी ठळक होती की तिच्याशी भांडता भांडता पुढची पिढी शिकली.

आणि दाढांवर फार विसंबणाऱ्यांसाठी सुलावेसी बेटावरचा पॉसिडेंटोमिस आहे. २०१२ मध्ये नोंदला गेला. गांडुळे खातो, आणि त्याला दाढाच नाहीत.

८. उकळण्याआधी तोंड उघडून बघा

ताजा मेलेला उंदीर मिळाला तर कवटी साफ करायच्या घाईत टाळूची कातडी वाया घालवू नका. टाळूवर आडव्या वळ्या असतात. मोकळ्या जागेतल्या वळ्या या गालापासून त्या गालापर्यंत अखंड, दाढांमधल्या वळ्या मधोमध तुटलेल्या. त्यांची संख्या आणि मांडणी वर्गीकरणात वापरली जाते. पाणी उकळले की त्या गेल्या. फोटो आधी काढा.

साफसफाईबद्दल थोडेच. फार वेळ उकळू नका, पटाशीचे दात तडकतात आणि टाळूचे पातळ हाड सुटते. कपडे पांढरे करायचे ब्लीच तर अजिबात नको, ते हाड खाते. मांस खाणाऱ्या डर्मेस्टिड किड्यांची पेटी ठेवता आली तर उत्तम, पण आधी घरच्यांची परवानगी घ्या. कातडी आणि कवटीला एकच क्रमांक बांधा. शाई पाण्याने पुसली जाणारी नको. क्रमांक सुटलेली कवटी कितीही सुंदर असली तरी शोभेची.

९. टाळू मुका राहतो, तेव्हा वरून बघा. तेही थकले तर शेपटी जपा

काळा उंदीर आणि बंदरांवरचा तपकिरी उंदीर, दोघेही रॅटस. टाळू जवळपास सारखा. इथे कवटी सरळ करा. डोक्यावरचे दोन कंगोरे तपकिऱ्यात जवळजवळ समांतर धावतात, काळ्यात बाहेर फुगून पुन्हा आत येतात. वरच्या बाजूला मी इतका वेळ नावे ठेवली, पण या जोडीत तीच कामाला येते.

त्याहून अवघड प्रकरण साताऱ्याचे. १९१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या हिंटनने बीएनएचएसच्या पाहणीतले उंदीर तपासताना सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या उंदराला सातारी असे नाव दिले, पण काळ्या उंदराचाच एक प्रकार म्हणून. जवळजवळ शतकभर तो तसाच पडून राहिला. २०११ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातल्या नमुन्यांवर गुणसूत्रे आणि जनुके तपासली गेली. एकाच परिसरात राहूनही काळा उंदीर आणि हा उंदीर दोन वेगळ्या जाती आहेत, असे दिसले. आता तो रॅटस सातारी म्हणून स्वतंत्र आहे. सह्याद्रीच्या रानात झाडांवर राहतो. बाहेरून, आणि नुसती कवटी हातात धरून, त्याला काळ्या उंदरापासून वेगळे काढणे भल्याभल्यांना अवघड जाते.

म्हणून घाटमाथ्यावरच्या जंगलातली रॅटसची कवटी माझ्याकडे आली की चिठ्ठीवर मी ‘रॅटस, जात अनिश्चित’ एवढेच लिहितो आणि आणणाऱ्याला सांगतो: पुढच्या वेळी मेलेला उंदीर सापडला तर शेपटीचा बोटभर तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेव, फॉर्मालिनमध्ये नको, त्यात डीएनए खराब होतो. बाटलीवर गाव, तारीख आणि झाडावर मिळाला की जमिनीवर, हे पेन्सिलीने लिही.